हिरव्या पाण्याला घाई चालत नाही

होळी झाली की पुण्यातल्या बंगल्यांची तळी हिरवी व्हायला लागतात. थंडीत तळ दाखवणारं पाणी आठ-दहा दिवसांत पोपटी होतं, मग गडद, आणि एका सकाळी घरातलं कोणीतरी विचारतं, "मासे गेले कुठे?" मासे तिथेच असतात, वीतभर खाली गेले की दिसत नाहीत, इतकंच. घरामागच्या तळ्यांची देखभाल करणं हे माझं काम आहे. त्यामुळे मार्च ते जून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "ताई, शनिवारी पाहुणे येणार आहेत. तोवर स्वच्छ होईल ना?"

शनिवारपर्यंत स्वच्छ करता येतं. बाजारात त्यासाठी औषधं मिळतात. मी ती वापरत नाही, आणि त्यापायी काही कामं हातची जातात. गेली तरी चालतील, असं मला वाटतं.

मी शिकले रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. तिथे तळं म्हणजे मत्स्यशेतीचं तळं, गुंठ्यांत आणि एकरांत मोजायचं. त्यात शेण आणि सुपरफॉस्फेट घालून पाणी मुद्दाम हिरवं करायचं, कारण त्या हिरव्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव हेच कटला आणि चंदेरा या माशांचं जेवण. मत्स्यशेती करणारा ज्या रंगासाठी पैसे खर्च करतो तोच रंग घालवायला बंगल्याचे मालक पैसे मोजतात. या दोन टोकांमधून मला एक फायदा झाला. पाणी हिरवं कसं करायचं हे ज्याला शिकवलेलं असतं, त्याला ते कशानं हिरवं होतं हे वेगळं शिकावं लागत नाही. घरच्या तळ्यात शेण कुणी टाकत नाही. पण माशांच्या दाण्यांच्या डब्यातून तेच खत जातं.

म्हणून माझा पहिला प्रश्न पाण्याबद्दल नसतो. माशांना कोण कोण खायला घालतं, हा असतो. पाषाणच्या एका घरी त्याचं पूर्ण उत्तर मिळायला बराच वेळ लागला. आजी पूजा आटोपून मूठभर दाणे टाकायच्या. नातवंडं शाळेतून आली की टाकायची. बागेचं बघणारे काका म्हणाले, "मासे काठाकाठानं मागे येतात हो, राहवत नाही." शिवाय रात्रीची उरलेली पोळी. प्रत्येकाला वाटत होतं की आपण थोडंच टाकतो. तळं आठ फूट बाय सहा फूट, अडीच फूट खोल, म्हणजे साडेतीन हजार लिटरच्या आतबाहेरचं. आणि त्यात तीसेक मासे.

हिशेब सरळ आहे. कोई माशांच्या दाण्यांत साधारण ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० ग्रॅम दाण्यांबरोबर साडेपाच ते साडेसहा ग्रॅम नायट्रोजन तळ्यात उतरतो. त्यातला चौथा, फार तर तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. बाकीचा कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपानं आणि विष्ठेतून पाण्यात परत येतो. दाण्यांत फॉस्फरसही असतो, आणि खरी किल्ली त्याच्याकडे आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं १९७३ साली एका तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसवाला अर्धा तलाव हिरवागार झाला, दुसरा होता तसा निवळ राहिला. त्या तलावाचा विमानातून घेतलेला फोटो आम्हाला वर्गात दाखवला होता. शंका घेणाऱ्या घरी मी आजही तो फोनवर दाखवते. दहा मिनिटं बोलून जे पटत नाही ते त्या फोटोनं पटतं.

हिरव्या पाण्याचे प्रकार ओळखायला हात पुरतो. पेल्यात पाणी घेतलं आणि ते सगळंच एकसारखं हिरवट दिसलं, तर ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ. बोटांना लांब, बुळबुळीत धागे लागले तर ते तंतुशेवाळ. शाळेच्या पुस्तकातला स्पायरोगायरा त्यातलाच. तिसरा प्रकार म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या काठाला रंग सांडल्यासारखी निळसर हिरवी साय धरते आणि कुबट वास येतो. ते नीलहरित शेवाळ, खरं तर जिवाणू, आणि त्यातल्या काही जाती विष तयार करतात. ते दिसलं की मी पहिल्यांदा घरातल्या कुत्र्याला त्या पाण्यापासून दूर ठेवायला सांगते, मुलांना हात घालू देऊ नका म्हणते, आणि मग बाकीचं बोलते.

पाणी किती हिरवं आहे हेही हातानंच कळतं. बाही वर करून हात सरळ पाण्यात घालायचा. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत असेल तर काळजीचं कारण नाही. मनगट बुडतानाच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय. याचीच शास्त्रशुद्ध पद्धत आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून वापरली, आणि सेक्की तबकडी आजही मत्स्यशेतीच्या पहिल्या धड्यात असते. माझ्या पिशवीत ती आहे, पण हाताचा उपाय घरच्या माणसाला रोज करता येतो, म्हणून मी तोच शिकवते.

आता ज्या कारणानं मी औषधाला हात लावत नाही ते सांगते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. त्यामुळे पीएच चढतो. दाट हिरव्या तळ्यात सकाळी साडेसात असलेला पीएच दुपारी तीन-चार वाजता नऊच्या पुढे गेलेला मी नेहमी बघते. पीएच चढला की अमोनिया जास्त विषारी होतो: २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ९ ला तो एक तृतीयांशाच्या पुढे जातो. रात्री सगळं उलटं. प्रकाश नाही, म्हणून शेवाळ प्राणवायू सोडत नाही. उलट तेही माशांसारखाच श्वास घेतं. पहाटे उजाडायच्या आधी तळ्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. उन्हाळ्यात तर गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. तरीही बहुतेक हिरवी तळी ही रोजची ओढाताण सोसतात. मासे जगतात, वाढतात, अंडी घालतात.

सोसवत नाही ते एकदम आलेलं मरण. बावधनच्या एका घरी आजोबांनी कोई वाढवल्या होत्या. त्यांत पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेली एक कोहाकू होती, हातभर लांब, आजोबांच्या हातून खाणारी. जुलैमध्ये पाणी फार हिरवं झालं, तेव्हा कुणीतरी त्यांना मोरचूद टाकायचा सल्ला दिला. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात वापरतात तेच. शेवाळ त्यानं मरतं, यात खोटं काही नाही. पण नळाचं पाणी धरणाचं, बोअरच्या पाण्यापेक्षा बरंच हलकं, आणि हलक्या पाण्यात तांबं माशाला फार लागतं. त्यात चार दिवस आभाळ भरून, ऊन नाही, वारा नाही. तळ्यातलं सगळं शेवाळ एकदम मेलं आणि कुजायला लागलं. कुजवणाऱ्या जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू ओढून घेतला.

मला बोलावणं आलं तेव्हा अजून उजाडायचं होतं. पाण्याचा रंग हिरव्याचा तपकिरी झाला होता आणि सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत उभे होते. कोहाकू कोपऱ्यात, नळाच्या धारेखाली. तिचे कल्ले इतके जोरात हलत होते की बाजूचं पाणी थरथरत होतं. आम्ही हवेचे दोन पंप लावले, बादल्यांनी पाणी उंचावरून ओतत राहिलो, हायपो घालून क्लोरीन काढलेलं ताजं पाणी थोडं थोडं भरलं. लहान मासे बहुतेक वाचले. कोहाकू दुपारी गेली. प्राणवायू संपतो तेव्हा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी असते. आजोबा काही बोलले नाहीत. त्या घरी मी आजही जाते.

हिरवं पाणी सहसा मासा मारत नाही. हिरवं पाणी एका दिवसात मारलं की मासा मरतो. हे वाक्य मी प्रत्येक नव्या घरी सांगते.

दुसरा लाडका उपाय म्हणजे तळं रिकामं करणं. मासे बादलीत काढायचे, भिंती काथ्यानं घासायच्या, वर ब्लीचिंग पावडर, मग टँकर बोलावून नवं पाणी. दिवसभराची मेहनत, आणि संध्याकाळी तळं खरंच सुंदर दिसतं. पण त्या घासण्यात काय गेलं ते दिसत नाही. भिंतींवरच्या मऊ थरात, गोट्यांवर, फिल्टरच्या स्पंजात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. त्यांना पुन्हा बस्तान बसवायला महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस मासे स्वतःच्याच अमोनियात राहतात. आणि पाणी तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हिरवं होतं, कारण दाण्यांचा डबा तोच, मासे तेवढेच, ऊन तेवढंच. शिवाय पुण्यात एप्रिल-मेमध्ये टँकरभर पाणी अशा कामाला घालवणं मला पटत नाही. भिंतीवरचा बोटभरही नसलेला हिरवा थर राहू द्यावा. मासे तो दिवसभर टोचून खातात.

मग मी करते काय? सगळ्यात आधी दाणे निम्मे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, एकाच माणसानं घालायचं, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. "मासे उपाशी राहतील," असं प्रत्येक घरी ऐकू येतं. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. एक दिवसाचा उपास त्याला जाणवतही नाही. पाषाणच्या आजींना हे अगदी लगेच पटलं. त्यांनी आपल्या उपासाचा गुरुवार माशांनाही लावला आणि डबा स्वतःच्या कपाटात ठेवला. त्या तळ्याला मी वेगळं फारसं काही केलंच नाही. पावसाळा उतरेपर्यंत तळ दिसायला लागला.

मासे कमी करणं हे दाणे कमी करण्यापेक्षा अवघड, कारण त्यात जीव गुंतलेला असतो. विकत आणलेली बोटभर कोई तीन वर्षांत हातभर होते, आणि तळं तेवढंच राहतं. मी ओळखीच्या मोठ्या तळ्यांत मासे देऊन टाकायला लावते. नदीत सोडायला मात्र कुणालाही, कधीही सांगत नाही.

त्यानंतर सावली. पाण्याचा निम्मा भाग झाकला तर शेवाळाला मिळणारा प्रकाश तेवढा घटतो. कुमुदाची पानं यासाठी उत्तम. कुंडीत लावून तळाशी ठेवली की दोन महिन्यांत पसरतात. पानं पसरेपर्यंत एप्रिल-मेपुरती वर शेडनेट बांधते. झाडाची सावली चांगली वाटते, पण गुलमोहोराखालचं तळं हे माझं सगळ्यात कठीण काम: बारीक पानं अखंड गळतात, जाळीतूनही जातात, आणि तळाशी काळा गाळ होतो. तो गाळ म्हणजे साठवलेला फॉस्फरस. पाण्याच्या पंपानं तो हळूहळू ओढून काढावा लागतो, आणि निघालेलं पाणी बागेत द्यावं. गुलाबाला ते फार मानवतं.

जागा असेल तिथे तळ्याच्या कडेला खडीनं भरलेला एक उथळ चर बांधते, त्यात कर्दळ आणि वेखंड. पंपानं तळ्याचं पाणी चराच्या एका टोकाला चढवायचं, मुळांमधून झिरपत दुसऱ्या टोकानं परत तळ्यात. शेवाळ जे खातं तेच कर्दळ खाते, आणि कर्दळ कापून काढता येते. जलपर्णीही हे काम करते, फार वेगानं करते. पण मुळा-मुठेचं आणि पंचगंगेचं पात्र तिनं झाकलेलं ज्यानं पाहिलंय तो तिला घरी आणणार नाही. तळ्यातून उपसून नाल्यात फेकलेलं एक रोप पुरतं.

यूव्ही दिव्याबद्दल लोक खूप विचारतात. एकपेशीय शेवाळावर तो खरंच चालतो: पाणी दिव्याजवळून जाताना पेशी मरतात, फिल्टरमध्ये अडकतात. पण दिवा जळत असला तरी त्याची शक्ती वर्षभरात बरीच उतरते, म्हणून नळी दर वर्षी बदलावी लागते. बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरनं पुसला नाही तर प्रकाश बाहेरच पडत नाही. आणि दाणे तेवढेच राहिले तर दिव्यानं पाणी निवळतं, प्रकाश तळापर्यंत पोचतो, आणि तिथे तंतुशेवाळ वाढतं, ज्याला दिव्याचा काही उपयोग नाही.

तंतुशेवाळाला हातच लागतात. माझं हत्यार म्हणजे खराटा. काड्यांचं टोक शेवाळाच्या पुंजक्यात घालून सावकाश एकाच दिशेनं फिरवायचं. धागे काड्यांवर गुंडाळत येतात, आणि वर काढलं की खराट्याला हिरव्या ओल्या लोकरीचा गुंडा लागलेला असतो. तो पिळून लगेच फेकायचा नसतो. मी तो काठावर, पाण्याला टेकूनच ठेवते. थोड्या वेळानं त्यातून जीव बाहेर पडायला लागतात: चतुराची चपटी करडी अळी, पोटपायानं सरकणाऱ्या गोगलगायी, नखाएवढी गप्पीची पिल्लं. ज्यांना पाणी हवं ते पाण्यात परततात. उरलेलं शेवाळ खतात जातं. मुलं असली की ती या वेळी माझ्या बाजूला येऊन बसतात, आणि चतुराची अळी डासांच्या अळ्या खाते हे त्यांना सांगितलं की आईवडिलांना तळ्याबद्दल पुढचं काही मला सांगावं लागत नाही, तीच सांगतात.

"शेवाळ खाणारा मासा सोडू का?" हा प्रश्नही ठरलेला. चंदेरा आणि गवत्या हे मासे १९५९ मध्ये भारतात आणले गेले आणि मत्स्यशेतीत ते रुळले. चंदेरा तरंगतं शेवाळ गाळून खातो हे खरं, पण त्याला मोठं पाणी लागतं. साडेतीन हजार लिटरमध्ये तो उड्या मारून बाहेर पडतो. गवत्या शेवाळाच्या आधी तुमची कुमुदं संपवतो. दुकानात मिळणारा सकर मासा तर नकोच. तो हौशी लोकांनी सोडून दिल्यामुळे आज देशातल्या कित्येक नद्या-तलावांत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. मासा कुठलाही असो, जे खातो त्यातलं बरंचसं पाण्यातच टाकतो. तळ्यातला माल तळ्याबाहेर गेला तरच कमी होतो: खराट्यानं, कापलेल्या कर्दळीनं, उपसलेल्या गाळानं.

मी मूळची कोल्हापूरची. रंकाळ्याचं पाणी हिरवं होऊन काठाला साय धरलेली मी पाहिली आहे, आणि त्या वेळच्या चर्चेत कोणतं औषध टाकावं यावर जितकं बोललं गेलं तितकं तलावात मिसळणाऱ्या सांडपाण्यावर बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मोठ्या तलावाचं आणि परसातल्या हौदाचं गणित एकच. शेततळ्याचंही तेच. प्लास्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात शेवाळ होऊन ठिबकचे फिल्टर तुंबतात तेव्हा शेतकरी मोरचुदाकडे वळतात. तळ्यात मासे असतील तर त्यांनीही आधी बांधावरून वाहून येणारं खताचं पाणी कुठून आत येतं ते बघावं.

आरशासारखं पाणी मी कुणाला कबूल करत नाही. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसतो, मासे सकाळी खाली फिरताहेत, भिंतीवर मऊ हिरवा थर आहे, चतुर येऊन बसतात, असं तळं निरोगी आहे, आणि ते तसं व्हायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागतो. तुमच्या घरी तळं असेल तर औषधाची बाटली आणण्याआधी आठवडाभर दाणे निम्मे करून बघा. आणि पाणी दाट हिरवं असेल, आभाळ भरलेलं असेल, तर एकदा पहाटे उठून तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर त्या दिवशी दाणे अजिबात टाकू नका, आणि ऊन पडेपर्यंत दिवसरात्र हवेचा पंप चालू ठेवा.